प्रस्तावना : चार पंचांगे आणि एक पाऊस

"आता पहिल्यासारखा पाऊस राहिला नाही." मृग लागला की हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या मराठी घरांत हे वाक्य हमखास ऐकू येते. आजोबांच्या पिढीने ते म्हटले, वडिलांच्या पिढीने म्हटले आणि आता आम्ही म्हणतो. शंभर वर्षे माणसे एकच तक्रार करीत असतील, तर ऐकणाऱ्याला दोन उत्तरे सुचतात. एक तर पाऊस खरोखरच शंभर वर्षे बिघडत चालला आहे, नाहीतर ही म्हातारपणाची सवय आहे. या विषयाचा थोडा नाद लागला की कळते, दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

त्या एका वाक्यात निदान चार बदल एकमेकांत मिसळलेले असतात. पंचांग ऋतूच्या पुढेमागे सरकलेले असते. गाव बदललेले असते. आकाश, म्हणजे खरे हवामान, बदललेले असते. आणि बोलणारा स्वतः बदललेला असतो. लहानपणी जे पाणी गुडघ्याला लागत होते ते आता घोट्यालाच लागते, कारण मधल्या काळात गुडघाच वर गेलेला असतो. हे चार धागे सोडवून पाहायचे, हा या पुस्तकाचा उद्योग आहे. विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला आधी सगळा मुलूख एकदा फिरवून आणावा, एवढेच या प्रस्तावनेचे काम.

सुरुवात जागेपासून करतो. मुसी नदीच्या उत्तर काठाला, अफझलगंज, कोठी आणि बेगमबाजार यांच्या आसपास गौलीगुडा वसला आहे. नावातच गवळी आहेत. चालत जाण्याच्या अंतरावर जांबाग आणि तिथली विवेकवर्धिनी शाळा. केशवराव कोरटकरांच्या पिढीने १९०७ साली ती उभी केली. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबादकडून शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला येणारी माणसे याच भागात उतरत, आणि त्यांतली बरीच इथलीच होऊन जात. गावाकडची शेती मात्र सुटत नसे. म्हणून या घरांची नजर दोन आभाळांवर असे. एक गच्चीवरचे, जिथे कुरडया वाळत घातलेल्या असत; दुसरे दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या शेतावरचे, ज्याची खबर पोस्टकार्डाने येई. गच्चीवर वळवाची सर आली की आई वाळवण उचलायला धावे आणि त्याच सरीने वडिलांना गावाकडच्या पेरणीची आठवण होई.

या घरांत कालगणनाही एक नव्हती. देवाजवळ शालिवाहन शकाचे पंचांग. निजाम सरकारच्या कागदांवर फसली साल, ज्याची सुरुवात ऑक्टोबरात आजूर महिन्याने होई. शेजारच्या घरी हिजरी. शाळेत इंग्रजी. चार कालगणना आणि पाऊस एकच. जुन्या वहीत 'अमुक महिन्यात फार पाऊस झाला' असे सापडले, तर आधी विचारावे लागते : कुठल्या कालगणनेतला महिना? हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून त्याचे महिने सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. फसली साल तर पिकांसाठीच सौर केलेले. हवामानाच्या इतिहासाचा पहिला धडा हा, की नोंद वाचण्याआधी माप तपासावे.

नक्षत्रांचे माप

आपल्याकडचे सर्वांत जुने आणि अजून चालू असलेले माप नक्षत्रांचे. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. रोहिणी तापते, मृगावर पेरणी, आर्द्रा, मग तरणा आणि म्हातारा पाऊस, मघा, उत्तरा, गडगडाट करीत येणारा हस्त, आणि शेवटी मोती पिकवणारी स्वाती. प्रत्येक नक्षत्राचे वाहन वेगळे, कधी कोल्हा, कधी बेडूक, कधी म्हैस. सहदेव-भाडळीची पाऊसपाण्याची वचने खेड्यापाड्यांत याच चौकटीत फिरली. तेलुगू शेजाऱ्यांकडे नक्षत्राला 'कार्ते' म्हणतात. मृगशिरा कार्ते लागली की हैदराबादेत दम्याचे रोगी माशाच्या प्रसादासाठी रांग लावतात आणि ज्यांना चालते ते त्या दिवशी घरी मासे करतात. पावसाचा पहिला दिवस दोन भाषांत, दोन स्वयंपाकघरांत एकाच वेळी पाळला जातो.

या परंपरेला ग्रंथांचा आधारही भक्कम आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत मेघांच्या 'गर्भा'ची लक्षणे सांगितली आणि गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस होतो असा हिशेब मांडला. त्याच्याही आधी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारापाशी एक अरत्नी, म्हणजे हातभर, तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितले आहे. कुठल्या प्रदेशात किती द्रोण पाऊस, याची यादीही तिथे आहे आणि तिच्यात अश्मकाचा आकडा साडेतेरा द्रोण आहे. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा मुलूख. त्याची राजधानी आजच्या निजामाबाद जिल्ह्यातले बोधन, असे बरेच अभ्यासक मानतात. आपल्या शेजारच्या पावसाचा आकडा इतका जुना आहे.

पण हे माप सरकते. सूर्याचा नक्षत्रप्रवेश ताऱ्यांवरून ठरतो, ऋतू मात्र पृथ्वीच्या कलण्यावरून ठरतात. अयनचलनामुळे या दोहोंत सुमारे ७२ वर्षांना एक दिवस असे अंतर पडत जाते. आज मृग ७-८ जूनला लागतो. वराहमिहिराच्या काळी तो ऋतुमानाने सुमारे वीस दिवस आधी लागत असे. आजोबांच्या आठवणीला याने धक्का लागत नाही, कारण तीन पिढ्यांत फरक एक-दीड दिवसाचाच. जुने वचन आजच्या पावसाला लावताना मात्र हे वीस दिवस विसरून चालत नाही.

सणांचे सरकणे याहून ठळक. गुढीपाडवा २०२४ साली ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला, २०२६ साली १९ मार्चला, आणि अधिक महिन्यानंतर २०२७ साली पुन्हा ७ एप्रिलला. पाडव्याला आपल्याला कडुनिंबाची पाने लागतात, तेलुगू घरांत उगादी पचडीसाठी फुले लागतात. एखाद्या वर्षी फुले मिळाली नाहीत की 'निंबसुद्धा वेळेवर फुलेनासा झाला' असे म्हटले जाते. पुष्कळदा निंब वेळेवर असतो. पाडवाच तीन आठवडे आधी आलेला असतो. 'दिवाळीत पूर्वी थंडी असायची' या वाक्यालाही हीच तारखेची चाळणी आधी लावावी लागते.

वेधशाळेचे माप

दुसरे माप आकड्यांचे. भारतीय हवामान खाते १८७५ साली हेन्री ब्लँफर्ड यांच्या हाताखाली सुरू झाले. त्यामागे वादळे होती, दुष्काळ होते. खाते उभे राहते न राहते तोच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. हिमालयातल्या बर्फावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधायला ब्लँफर्डनी सुरुवात केली. १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेले गणिती गिल्बर्ट वॉकर जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहू लागले. प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, हा झोका त्यांना दिसला. आज आपण ज्याला एल निनो म्हणतो त्याचा हवेतला अर्धा भाग तो हाच. १९२८ मध्ये खात्याचे ठाणे सिमल्याहून पुण्याला आले आणि 'पुणे वेधशाळा' हा शब्द मराठी माणसाच्या चेष्टेचा आणि भरवशाचा एकदमच विषय झाला.

हैदराबादेतही आकाश पाहणारे होते. नवाब जफरजंग यांनी १९०१ साली हौसेने दुर्बीण आणून वेधशाळा काढली. त्यांच्या निधनानंतर निजाम सरकारने ती ताब्यात घेऊन बेगमपेठेत नेली आणि निजामिया वेधशाळेने ताऱ्यांच्या जागतिक सूचीत मोठी कामगिरी केली. शहराच्या हवामानाचे अधिकृत आकडेही बेगमपेठेचेच. २ जून १९६६ चे ४५.५ अंश हा तिथला उच्चांक, ८ जानेवारी १९४६ चे ६.१ अंश हा नीचांक. वर्षाचा पाऊस साधारण ८० सेंटीमीटर.

या मापालाही मर्यादा आहेत. पहिली ही, की 'सरासरी'सुद्धा सरकते. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी १९५१-२००० या काळावरून ८९ सेंटीमीटर धरीत. पुढे ती ८८ झाली आणि १९७१-२०२० वरून ८७. 'यंदा शंभर टक्के पाऊस' ही बातमी वाचताना ते शंभर कशाचे, हे विचारायला हवे. तारखाही बदलल्या. १९०१-१९४० च्या आकड्यांवर आधारलेले जुने वेळापत्रक हवामान खात्याने २०२० साली बाजूला ठेवले. वायव्य भारतातून पाऊस परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबरची १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून तो जाण्याची २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. मुंबईतले आगमन मात्र जेमतेम एका दिवसाने हलले. म्हणजे 'पाऊस उशिरा जातो' ही गच्चीवरची तक्रार खात्यानेच शिक्का मारून मान्य केली आहे. 'उशिरा येतो' या तक्रारीला तेवढा ठळक शिक्का मिळालेला नाही.

दुसरी मर्यादा पर्जन्यमापकांच्या संख्येची. पूर्वी शहरापुरते मोजके मापक असत, आज तेलंगणात स्वयंचलित केंद्रे हजारावर आहेत. जाळे दाट झाले की मोठा मासा सापडण्याचा संभव वाढतो. ऑक्टोबर २०२० मध्ये घटकेसरकडे एका दिवसात ३२ सेंटीमीटर पाऊस नोंदला गेला. पन्नास वर्षांपूर्वी तिथे तेवढाच पडला असता तर आकडा लिहिणारे कोणी नसते.

कार्बनचे माप

तिसरे माप भौतिकीचे. काही वायू उष्णता अडवून धरतात हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवले. कोळसा जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली मांडले. गाय कॅलेंडर या इंजिनिअराने १९३८ मध्ये जगभरच्या तापमापकांचे आकडे गोळा करून पृथ्वी तापू लागल्याचे सांगितले, तेव्हा फार कोणी मनावर घेतले नाही. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाईच्या मौना लोआवर हवा मोजायला घेतली. दहा लाखांत सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू आज ४२० च्या वर गेला आहे. हवामानबदलाचा आढावा घेणारी आंतरराष्ट्रीय समिती, आयपीसीसी, १९८८ साली स्थापन झाली तोवर वाद 'तापते का' यावरून 'किती आणि कुठे' यावर आला होता.

आपल्या पावसापुरते महत्त्वाचे काम पुण्यातच झाले. उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले, की मध्य भारतात १९५१ ते २००० या काळात मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे कमी झाले. बेरीज जवळपास तीच राहिली. त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतावर दूरवर पसरणारे अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे दिसले. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ मध्ये भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. या घटीत हवेतल्या धूलिकणांचा आणि धुराचा मोठा वाटा धरतात. यामागचा नियम सोपा आहे : हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. भांडे मोठे झाले की भरायला वेळ लागतो आणि उपडे झाले की एकदम सांडते.

'झिमझिम गेली आणि ढगफुटीसारखा पाऊस आला' हे जे घरोघर म्हणतात, त्याच्याशी हा निष्कर्ष जुळतो. आठवण आणि मोजणी इथे एकाच बाजूला साक्ष देतात.

शहराचे माप

चौथे माप शहरांच्या हवेचे. शहरातली हवा भोवतालच्या रानाहून गरम असते, हे लंडनच्या नोंदींवरून ल्यूक हॉवर्ड यांनी १८१८ मध्येच लिहिले. गौलीगुड्यात हा बदल हाताने चाचपता येतो. शहाबादी फरशी, जाड भिंती, मधला चौक, दारावर पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्या. मग त्या ताट्यांची जागा घेणारे कूलर. मग घरातली उष्णता गल्लीत ओतणारे एसी. उन्हाळ्यात रात्री गच्ची निवत नाही, याला जागतिक तापमानवाढ जशी जबाबदार आहे तसा समोरचा पाच मजली सिमेंटचा ठोकळाही. दोघांचे वाटे वेगळे काढणे हे आजच्या संशोधनातले अवघड काम आहे.

पाण्याची गोष्ट अधिक उघड आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला जो पूर आला त्याला जुने हैदराबादी अजून 'तुग्यानी' म्हणतात. नक्षत्र हस्ताचे होते. शमशाबादला चोवीस तासांत १२.८ इंच, म्हणजे ३२ सेंटीमीटरहून अधिक पाऊस झाला होता. मेलेल्यांचा अंदाज १५ हजारांच्या घरात जातो. उर्दू कवी अमजद हैदराबादींचे कुटुंब त्या पुरात वाहून गेले. अफझलगंजाजवळच्या चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आज उस्मानिया दवाखान्याच्या आवारात येते. दुसऱ्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवलेले हे इंजिनिअर. त्यांच्या आराखड्यातून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर उभे राहिले. 'गंडीपेटचे पाणी प्यायलेला माणूस' ही हैदराबादी ओळख गंडीपेटच्या त्याच उस्मानसागराची देणगी. पुरापासून वाचण्यासाठी बांधलेली धरणे शहराची तहान भागवू लागली.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. २४ ऑगस्ट २००० ला बेगमपेठेत २४ सेंटीमीटर. ऑक्टोबर २०२० मध्ये बेगमपेठेत १९ आणि घटकेसरकडे ३२. १९०८ च्या आकड्यापुढे हे आकडे मोठे नाहीत. बदलले आहे ते पाणी झेलणारे गाव. कुतुबशाहीपासून एकमेकांना जोडलेल्या तलावांच्या साखळीतले कितीतरी दुवे बुजले. उरलेल्यांपैकी पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू यांचे बांध २०२० साली फुटले आणि पाणी वस्त्यांत शिरले. दोन्ही धरणांच्या पाणलोटात बांधकामाला आळा घालणारा १९९६ चा १११ क्रमांकाचा आदेश होता, तोही २०२२ मध्ये सैल झाला. आणि आमच्या गौलीगुड्याचे एसटी स्टँड? लोखंडी हँगरखालचे ते जुने स्टँड गजबजून अपुरे पडले, म्हणून १९९४ साली मोठे स्थानक बांधले गेले ते मुसीच्या पात्रातल्या इमलीबनात. जुना हँगर २०१८ च्या जुलैत कोसळला. नव्या स्थानकात २६-२७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री मुसी शिरली आणि प्रवाशांना दोर लावून बाहेर काढावे लागले. तेव्हाही दारात हस्तच उभा होता. त्या रात्री 'पाऊस बदलला' असे म्हणणाऱ्याला विचारावेसे वाटते, की नदी स्थानकात आली, की स्थानक नदीत गेले होते?

अक्षरांचे माप

पाचवे माप इतिहासाचे आणि साहित्याचे. मापक नव्हते तेव्हाचे हवामान माणसांनी वेगळ्याच कारणांसाठी लिहून ठेवलेल्या कागदांतून काढता येते. फ्रान्समध्ये ल रॉय लाद्युरी यांनी द्राक्षतोडणीच्या तारखांवरून शतकांचे उन्हाळे वाचले आणि १९६७ साली त्याचा ग्रंथ केला. क्योटोत चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून आहेत. २०२१ चा बहर, २६ मार्चचा, बाराशे वर्षांत सर्वांत लवकरचा ठरला. आपल्याकडे असे साधन नाही असे कोणी म्हणू नये. हालाच्या गाथासप्तशतीत गोदाकाठचे मेघ आणि वाट पाहणाऱ्या बायका आहेत. दामाजीपंतांच्या कथेत बिदरच्या बहामनी राज्यातला दुष्काळ आहे. महसुलाच्या कागदांत 'आबी' (पावसाळी) आणि 'ताबी' (उन्हाळी) पिकांचे हिशेब आहेत. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. ललित गद्य म्हणून ते वाचले जाते, पण कुठल्या महिन्यात काय फुलते याचे ते सत्तर वर्षांपूर्वीचे साक्षीपत्रही आहे. मारुती चितमपल्लींनी रानातल्या पाखरांच्या वागण्यातून पावसाचे संकेत टिपले. पावशाची हाक पहिल्यांदा कधी ऐकली, बालानगरी सीताफळाच्या पाट्या बाजारात कधी आल्या, बतुकम्मा रचायला तंगेडूची फुले जवळपास मिळाली की लांबून आणावी लागली : कोणी सलग लिहून ठेवले, तर या सगळ्याच हवामानाच्या नोंदी आहेत.

मात्र इथेच बोलणाऱ्या माणसाचा धागा गुंततो. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली एक गोष्ट दाखवून दिली : प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्र हाच मूळ समुद्र मानते आणि ऱ्हास तिथून पुढचाच मोजते. पावसाचेही तसेच. आठवण ठळक पाऊस ठेवते, रिमझिम टाकून देते. म्हणून आठवण साक्षीदार म्हणून बोलवावी, न्यायाधीश म्हणून बसवू नये. उलट बेगमपेठेचा आकडा गौलीगुड्याच्या गल्लीत काय झाले ते सांगत नाही. ते गल्लीतला माणूसच सांगेल. जो अभ्यासक आठवणींना हसतो तो निम्मा पुरावा फेकून देतो.

आत्ताच का?

कारण आता चुकीच्या निदानाची किंमत मोठी आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात गारांनी उभी पिके झोपवली. २०१५ च्या मे महिन्यात आंध्र आणि तेलंगणात मिळून उष्माघाताने दोन हजारांवर माणसे गेली. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच काळात हैदराबादला पाणी देणारे सिंगूर आणि मांजरा जलाशयही आटले होते. हा योगायोग नव्हता. मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगवते, लातूर आणि बिदरवरून तेलंगणात येते. बालाघाटावर पडलेला पाऊस कित्येक वर्षे हैदराबादच्या नळांतून येत होता. १९५६ साली राज्याची सीमा आखली गेली, नदीने ती मानली नाही. गौलीगुड्यातले मराठी घर दोन आभाळे का पाहत होते, त्याचा हा भूगोल. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुराने शेते खरवडून नेली, त्याच महिन्यात मुसी बसस्थानकात आली.

अशा वेळी 'सगळे हवामानबदलामुळे' हे वाक्य फार सोयीचे होते. ते अंशतः खरे आहे आणि त्याच्या आड पुष्कळ काही लपते : बुजवलेला तलाव, पात्रात घातलेली भर, तोडलेली चिंच. 'काही बदललेले नाही, तुग्यानीतही एवढाच पाऊस होता' हे वाक्यही तितकेच सोयीचे, कारण त्याच्या आड सत्तर वर्षांची मोजणी लपते. एक पूर काही सिद्ध करीत नाही. पूर किती वर्षांनी परत येतो, ते सिद्ध करते.

हे पुस्तक

या पुस्तकात स्मरणलेख आहेत, जुन्या वह्यांतल्या नोंदींचे वाचन आहे, शेतीचे आणि स्वयंपाकघराचे अनुभव आहेत आणि शास्त्राची ओळख करून देणारे लेख आहेत. ते एका सुरात बोलत नाहीत. पंचांगावर श्रद्धा असलेले लेखक आणि पंचांग कपाटात ठेवलेले लेखक इथे शेजारी बसले आहेत. संपादनात एकच शिस्त पाळली आहे : जो म्हणतो 'बदलले', त्याने कशाच्या तुलनेत ते सांगावे. वाचकाने प्रत्येक लेखाशी तोच प्रश्न घेऊन जावे आणि वर सांगितलेल्या चार धाग्यांपैकी लेखक कुठला धागा ओढतो आहे ते पाहावे. उद्याच्या पावसाचा अंदाज इथे मिळणार नाही. उपायांची यादीही नाही. हैदराबाद आणि मराठवाडा एवढ्याच मुलुखापुरते हे बोलणे आहे. कोकणचा पाऊस हा वेगळ्या पुस्तकाचा विषय.

एक उणीव संपादनाच्या वेळी सारखी जाणवली. घरोघरी पन्नास-पन्नास वर्षांच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. किराणा, दूध, धोबी, फी, सगळे पैशापैशाने लिहिलेले. पाऊस मात्र क्वचित, तोही घर गळले किंवा लग्नाचा मांडव उडाला तेव्हाच.

तेव्हा वाचकाला एक विनंती. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा गच्चीवर उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला, वेधशाळा मोजते त्याच वेळी, शाळेतल्या पट्टीने आतले पाणी मिलिमीटरमध्ये मोजा आणि डबा रिकामा करा. कौटिल्याच्या कुंडात यापेक्षा वेगळे काही नव्हते. आकडा लिहायला नवी वही नको. भिंतीवरच्या कालनिर्णयात ज्या चौकटीत आपण दुधाचे लिटर लिहितो, तिथेच खाली थोडी जागा असते. आणि डिसेंबर संपला की ते कॅलेंडर रद्दीत घालू नका.